मूळ प्रत कोठें असावी?

छापखाना येण्यापूर्वीं ग्रंथ जिवंत ठेवण्याचा एकच उपाय होता, आणि तो म्हणजे प्रत काढणें. एका गांवची पोथी दुसऱ्या गांवीं उतरून घेतली जाई, तेथून ती तिसऱ्या गांवीं जाई, आणि अशा रीतीनें एखादें घर जळालें किंवा एखाद्या वाड्यांत वाळवी लागली तरी ग्रंथ शिल्लक राहत असे. परंतु ज्या उपायानें ग्रंथ वांचे, त्याच उपायानें तो बिघडेहि. उतरून घेणाराच्या हातून ओळ गळे, समासांतलें टिपण मुळांत शिरे, एखाद्या रसिकाची स्वतःची ओंवी ग्रंथकर्त्याच्या नांवावर चढे. एकनाथमहाराजांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती ह्याच कारणासाठीं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें काम १९१९ सालीं सुरू झालें, तें १९६६ सालीं पुरें झालें. डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर ह्यांनीं आयुष्याचीं अखेरचीं सुमारें अठरा वर्षें त्यांत वेंचलीं, आणि एकंदर १,२५९ हस्तलिखितें त्या कामीं विचारांत घेतलीं गेलीं. प्रती काढणें किती सोपें आणि त्या एकमेकींशीं जुळवणें किती कठीण, ह्याचें ह्याहून मोठें उदाहरण महाराष्ट्रांत सांपडणें अवघड आहे.

आजच्या काळांत हाच प्रश्न एका निराळ्या क्षेत्रांत उभा राहिला आहे, आणि पुण्यामुंबईच्या पुष्कळ घरांतील मुलामुलींच्या रोजच्या पोटापाण्याशीं त्याचा संबंध आहे. बँकेंतील हिशेब, आगगाडीचें तिकीट, रुग्णालयांतील तपासण्यांच्या नोंदी ह्या सर्वांमागें आतां संगणक उभा असतो, आणि संगणकामागें सॉफ्टवेअर. सॉफ्टवेअर हें शेवटीं लिखाणच होय. तें माणसें लिहितात, खोडतात, पुन्हां लिहितात. फरक एवढाच कीं ह्या एका ग्रंथाचे लेखक पांचशें किंवा पांच हजारहि असूं शकतात आणि तो ग्रंथ कधींच पुरा होत नाहीं. अशा लिखाणांत कोणीं, केव्हां, कोठें आणि कां बदल केला ह्याची अखंड बखर ठेवणारी जी व्यवस्था, तिला व्हर्शन कंट्रोल असें म्हणतात. जेथें हें सारें लिखाण आपल्या बखरीसह सांठवलेलें असतें त्याला भांडार म्हणतां येईल, आणि तें भांडार ज्या संगणकावर ठेवलेलें असतें तो सर्व्हर. लेखकानें आपला बदल ह्या भांडारांत कायमचा दाखल केला म्हणजे त्याला कमिट म्हणतात. जुन्या पेढीवर कीर्दींत नोंद चढवीत, तशांतलाच हा प्रकार आहे. एकदां चढलेली नोंद खोडावयाची नाहीं; चूक असल्यास उलट नोंद करावयाची, हा नियमहि दोहींकडे सारखाच.

ह्या विद्येचा आरंभ १९७२ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत मार्क रॉचकाइंड ह्यांनीं केला. तेव्हांची रीत अशी होती कीं, एका वेळीं एकानेंच एखादी फाइल हातीं घ्यावी आणि तिचें काम संपेपर्यंत इतरांनीं थांबावें. पुढें ॲम्स्टरडॅम येथें डिक ग्रून नांवाच्या अध्यापकांना ही रीत अडचणीची वाटूं लागली. त्यांच्याबरोबर दोन विद्यार्थी एकाच कामावर होते. एकाची वेळ ठरलेली, दुसऱ्याची अनियमित, आणि स्वतः अध्यापकांना संध्याकाळखेरीज सवड नसे. तिघांना एकमेकांची वाट न पाहतां एकाच लिखाणावर काम करतां यावें म्हणून त्यांनीं जी सोय केली, तिच्यांतून सी. व्ही. एस्. नांवाची व्यवस्था १९८६ सालीं जगापुढें आली. म्हणजे ज्यांच्या वेळा जुळत नाहींत अशा माणसांची अडचण दूर करणें हें ह्या विद्येचें फार जुनें कर्तव्य आहे. ग्रून आणि त्यांचे दोघे सहकारी निदान एका गांवचे तरी होते. पुढें गांवेंहि निराळीं झालीं, देश निराळे झाले, आणि प्रश्नाला नवें रूप आलें.

समजा, एखाद्या कंपनीचें मुख्य कार्यालय कॅलिफोर्नियांत आहे आणि तिचे तीनशें लोक पुण्याजवळ हिंजवडी येथें काम करीत आहेत. पुण्यांत सकाळचे दहा वाजलेले असतात, तेव्हां उन्हाळ्याच्या दिवसांत कॅलिफोर्नियांत आदल्या रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. एक मंडळी जागी होते तेव्हां दुसरी निजावयास निघते. ही वेळेची गोष्ट झाली; आतां अंतराची पाहावी. काचतंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारें दोन लक्ष किलोमीटर जातो, आणि पुणें ते कॅलिफोर्निया हें सरळ अंतरच तेरा हजार किलोमीटरांहून अधिक आहे. एक प्रश्न विचारून त्याचें उत्तर यावयाचें, तर सव्वीस हजार किलोमीटरांचा प्रवास घडतो आणि सेकंदाच्या आठव्या भागाहून अधिक वेळ जातो. ही निसर्गाची मर्यादा झाली. कितीहि पैसा ओतला तरी ती ओलांडतां येत नाहीं. त्यांत समुद्राच्या तळच्या तारा सरळ जात नाहींत आणि वाटेंत अनेक यंत्रें लागतात, म्हणून प्रत्यक्षांत पाव सेकंद धरणें वावगें होणार नाहीं.

पाव सेकंद ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु सर्व्हरला एकामागून एक वीस हजार फाइलींविषयीं विचारावयाचें असेल आणि प्रत्येक प्रश्नाला पाव सेकंद लागत असेल, तर हा हिशेब पांच हजार सेकंदांचा, म्हणजे एक तास तेवीस मिनिटांचा होतो. कॅलिफोर्नियांतील माणसाला जें काम चहाच्या पेल्याबरोबर उरकतें, त्यासाठीं पुण्यांतील माणसाची अर्धी सकाळ खर्ची पडते. आणि महिन्याअखेर दोघांचें काम मात्र एकाच मापानें मोजलें जातें. ह्यापेक्षांहि गंभीर प्रसंग असा कीं, तारच तुटावी. ता. ३० जानेवारी १९०८ ह्या काळांत अशी तार तुटली असती तर कांहीं व्यापाऱ्यांचे संदेश खोळंबले असते. ता. ३० जानेवारी २००८ रोजीं मिसर देशांतील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रांतील दोन तारा निकामी झाल्या, तेव्हां हिंदुस्थानांतील इंटरनेटचा मोठा भाग मंदावला. ज्यांचें भांडार त्या तारांपलीकडे होतें, त्यांच्या हातीं सर्व साधनें असूनहि मूळ लिखाणच दूर राहिलें.

तेव्हां भांडाराची प्रत जवळ ठेवली पाहिजे, एवढें सर्वांना मान्य होतें. वादाचा प्रश्न पुढेंच आहे. प्रत ठेवली, पण लिहावयाचें कोणत्या प्रतींत? ह्या प्रश्नाचीं निरनिराळीं उत्तरें गेल्या तीस-पस्तीस वर्षांत निघालीं आहेत, आणि त्यांपैकीं चार मुख्य आहेत.

पहिलें उत्तर सर्वांत साधें. लिहावयाचें एकाच ठिकाणीं. इतरत्र केवळ वाचावयाचें. परफोर्स ह्या व्यवस्थेंत दूरच्या कार्यालयांत एक मध्यस्थ सर्व्हर बसवतां येतो. पुण्यांतील पहिल्या माणसानें एखादी फाइल मागितली कीं ती समुद्रापलीकडून एकदां येते आणि मध्यस्थाच्या कोठारांत राहते. दुसऱ्यानें तीच मागितली म्हणजे ती शेजारच्या खोलींतून मिळते. अखेरची आवृत्ति कोणती, हें मात्र मूळ सर्व्हरलाच विचारावें लागतें. सबव्हर्शन ह्या दुसऱ्या प्रसिद्ध व्यवस्थेनें ह्याच वाटेनें पुढचें पाऊल टाकलें. २००६ सालीं तिच्यांत असें साधन आलें कीं, मूळ भांडारांतील प्रत्येक नोंद क्रमानें वाचून तें ती दुसऱ्या भांडारांत जशीच्या तशी लिहितें. २००८ सालीं आणखी सोय झाली : वाचन जवळच्या प्रतींतून व्हावें, आणि कोणी लिहूं लागला कीं त्या प्रतीनें तें लेखन मुकाट्यानें मूळ सर्व्हरकडे रवाना करावें. मूळ सर्व्हर नोंद घेतो आणि मग सर्व प्रतींना कळवतो.

ह्या पद्धतींत मूळ प्रत कोणती ह्याविषयीं कधींच संशय नसतो, हा तिचा मोठा गुण. दोष असा कीं, प्रत नेहमीं मुळाच्या थोडी मागें असते. पुण्यांतील लेखकानें आपला बदल दाखल केला, तो मूळ ठिकाणीं पोंचला, त्याला नोंदीचा क्रमांकहि मिळाला. परंतु ती नोंद परत पुण्याच्या प्रतींत येण्यापूर्वींच त्यानें पाहावयास मागितली, तर त्याला स्वतःचाच बदल दिसत नाहीं! नवखा मनुष्य अशा वेळीं गोंधळतो आणि आपलें लिखाण हरवलें असें समजून तें पुन्हां करूं लागतो. नोंदीसोबत लिहिलेला शेरा मागाहून सुधारला, तर ती सुधारणाहि प्रतीपर्यंत आपोआप जात नाहीं. त्यासाठीं निराळी आज्ञा द्यावी लागते. आणि प्रतीच्या भांडारांत कोणीं परस्पर हात घातला, तर तेथून पुढें ती प्रत प्रत राहतच नाहीं. म्हणून त्या भांडारांत लिहिण्याचा अधिकार नक्कल करणाऱ्या एका खात्यावांचून दुसऱ्या कोणासहि द्यावयाचा नाहीं, असा दंडक आहे.

दुसरें उत्तर वांटणीचें. क्लिअरकेस नांवाची व्यवस्था १९९२ सालीं ॲट्रिया ह्या अमेरिकन कंपनीनें बाजारांत आणली आणि पुढें तिला अनेक ठिकाणांसाठीं मल्टिसाइट हें अंग जोडलें. त्यांत प्रत्येक कार्यालयांत पूर्ण भांडार असे, आणि तेथें लिहितांहि येत असे. परंतु लिखाणाच्या प्रत्येक शाखेचें स्वामित्व एकाच ठिकाणाकडे राही. जुन्या वतनांत जशी थोरली पाती एका भावाकडे आणि धाकटी दुसऱ्याकडे, तशी ही व्यवस्था. पुणेंकरांनीं आपल्या शाखेवर लिहावें, कॅलिफोर्नियाकरांनीं आपल्या. ठराविक वेळीं दोन्हीकडचे बदल थैलींत बांधून एकमेकांकडे पाठवावे. तार नसेल तर ती थैली फितीवर भरून पाठवण्याचीहि तरतूद होती. नंतर दोन शाखांचा संगम करावा.

ह्या वांटणीनें प्रत्येकाला आपल्या घरीं वेगानें काम करतां आलें. पण वतनाच्या वांटणीला जी अडचण लागते तीच येथेंहि लागली. पुण्यांतील माणसाला दुसऱ्याच्या शाखेंतील एका ओळीची दुरुस्ती करावयाची असली, तर तिचें स्वामित्व मागावें लागे. आणि तें देणारा मनुष्य त्या वेळीं झोंपलेला असे. चूक दिसते आहे, उपाय ठाऊक आहे, हात मोकळा आहे, परंतु लेखणी चालवण्याचा अधिकार दुसऱ्या गोलार्धांत आहे, अशी ती स्थिति. प्रतीची जागा आणि अधिकाराची जागा ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें येथें प्रथम स्पष्टपणें दिसून आलें.

तिसरें उत्तर लिनस टॉरवाल्ड्स ह्यांनीं एप्रिल २००५ मध्यें दिलें. लिनक्स ह्या प्रसिद्ध प्रणालीचें लिखाण जगभरचे लोक करीत, आणि २००२ पासून त्यासाठीं बिटकीपर नांवाची खासगी व्यवस्था वापरली जात होती. तिचा विनामूल्य उपयोग बंद झाला, तेव्हां टॉरवाल्ड्स ह्यांनीं स्वतःच गिट नांवाची नवी व्यवस्था लिहावयास घेतली. तिचें तत्त्व असें कीं, प्रत्येक लेखकाजवळ संपूर्ण भांडार, संपूर्ण बखरीसह असावें. त्यानें आपल्या घरीं, तारेवांचून, आगगाडींत बसूनहि नोंदी कराव्या आणि सवडीनें इतरांशीं त्यांची देवाणघेवाण करावी. प्रत खरी कीं खोटी हें ओळखण्यासाठीं गिटनें एक युक्ति योजिली आहे. प्रत्येक नोंदीच्या मजकुरावरून गणितानें चाळीस अक्षरांची एक खूण काढली जाते. मजकुरांतील एक अक्षर इकडचें तिकडे झालें तरी खूण बदलते. आणि प्रत्येक नोंदींत तिच्या आधींच्या नोंदीची खूण गोंवलेली असल्यामुळें, शेवटची एक खूण जुळली म्हणजे मागची सारी परंपरा जुळली असें खात्रीनें समजतां येतें. भांडारकर मंदिरांतील पंडितांना पोथ्या ओळीनें ओळ ताडून पाहाव्या लागल्या. तें काम येथें चाळीस अक्षरांवर आलें आहे.

येवढ्यानें मूळ प्रतीचा प्रश्न सुटला असें पुष्कळांना वाटलें. वस्तुतः तो फक्त दुसऱ्या खोलींत गेला. प्रत्येकाजवळ संपूर्ण प्रत आहे हें खरें, परंतु उद्यां गिऱ्हाइकाच्या हातीं द्यावयाचें लिखाण कोणाच्या प्रतींतलें? म्हणून गिट वापरणाऱ्या संस्थाहि एक सामायिक सर्व्हर ठेवतातच आणि त्यावरील भांडारास प्रमाण मानतात. शिवाय सर्वांनीं सर्व जवळ बाळगावें, हें लहान ग्रंथाला शोभतें. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें २०१७ सालीं विंडोजचें लिखाण गिटमध्यें आणलें, तेव्हां त्यांत सुमारें ३५ लक्ष फाइली होत्या आणि आकार सुमारें ३०० गिगाबाइट होता. तें प्रत्येकानें उतरून घ्यावयाचें म्हटलें तर दिवस जावे. तेव्हां लागेल तेवढीच फाइल आणावी आणि दूरच्या मंडळींसाठीं मधल्या ठिकाणीं कोठार ठेवावें, अशी योजना कंपनीला करावी लागली. म्हणजे वर्तुळ पुरें होऊन पुन्हां मध्यस्थ सर्व्हर आलाच.

चौथें उत्तर बहुमताचें. लेस्ली लॅम्पोर्ट नांवाच्या शास्त्रज्ञांनीं १९९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका निबंधांत पॅक्सॉस ह्या ग्रीक बेटावरील एका काल्पनिक लोकसभेची कथा सांगितली आहे. तेथील सभासद मधूनच उठून जातात, निरोप्ये हरवतात, तरीहि सर्वांच्या वह्यांत कायदे मात्र एकच राहतात. हें कसें घडावें? मर्म असें. पांच सर्व्हर आहेत असें धरावें. कोणतीहि नोंद त्यांपैकीं तिघांनीं मान्य केल्याखेरीज पक्की समजावयाची नाहीं. आतां पांचांतून तिघांचा कोणताहि गट घेतला आणि तिघांचाच दुसरा कोणताहि गट घेतला, तरी निदान एक सर्व्हर दोन्हींत सामायिक असतोच. तीन आणि तीन सहा होतात आणि सर्व्हर तर पांचच आहेत. तो सामायिक साक्षीदार मागचा निर्णय पुढच्या गटाला सांगतो, आणि दोन परस्परविरुद्ध निर्णय कधींच पक्के होऊं शकत नाहींत. दोन सर्व्हर बंद पडले तरी काम चालतें. गूगल कंपनीनें २०१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या लेखांत आपल्या भांडाराचें जें वर्णन दिलें, त्याप्रमाणें तें जगांतील दहा केंद्रांत वांटलेलें होतें आणि त्यांची एकवाक्यता ह्याच पॅक्सॉस पद्धतीनें राखली जात होती. त्यावर पंचवीस हजारांहून अधिक लोक काम करीत होते. ह्या पद्धतीची किंमत अशी कीं, प्रत्येक नोंदीला बहुमताची वाट पाहावी लागते, आणि सभासद दूर असले तर ती वाट लांबते.

ह्या चार उत्तरांत निर्दोष असें एकहि नाहीं, आणि ह्याचें कारण कोणाची अकुशलता हें नव्हे. एरिक ब्रुअर ह्यांनीं २००० सालीं एक अनुमान मांडलें आणि सेथ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच ह्यांनीं २००२ सालीं तें गणितानें सिद्ध केलें. त्याचा आशय साध्या शब्दांत असा : दोन ठिकाणांमधील दळणवळण तुटलें असतां, दोन्हीकडे काम चालू ठेवणें आणि दोन्हीकडील नोंदी एकच राखणें, ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं साधत नाहींत. एकीचा त्याग करावाच लागतो. कोणतीचा करावयाचा, हें तार तुटण्यापूर्वीं ठरवून ठेवणें एवढेंच माणसाच्या हातीं आहे.

हें ठरवून न ठेवल्यास काय होतें, ह्याचा दाखला गिटहब ह्या कंपनीनें स्वतः प्रसिद्ध केला आहे. ता. २२ ऑक्टोबर २०१८ रोजीं, हिंदुस्थानांतील पहांटेचे ४ वाजून २२ मिनिटें झालीं असतां, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर एक नादुरुस्त यंत्र बदलण्याचें नेहमींचें काम चाललें होतें. त्यांत पूर्वेकडील मुख्य केंद्राचा संबंध ४३ सेकंद तुटला. पहारा करणाऱ्या स्वयंचलित योजनेनें बहुमत घेतलें, पूर्वेकडील केंद्र नाहींसें झालें असें मानलें, आणि लिहिण्याचा अधिकार पश्चिम किनाऱ्यावरील प्रतीला देऊन टाकला. ४३ सेकंदांनीं तार जुळली. परंतु तोंपर्यंत पूर्वेकडे कांहीं नोंदी अशा होत्या कीं ज्या पश्चिमेकडे पोंचल्याच नव्हत्या, आणि पश्चिमेकडे नव्या नोंदी पडूं लागल्या होत्या. दोन वह्या, दोन्ही खऱ्या, आणि दोन्ही अपुऱ्या! एका गजबजलेल्या नोंदसंग्रहांत अशा अडकलेल्या नोंदी ९५४ होत्या. कामगारांनीं घाईनें एक वही फेकून दिली असती तर सेवा लवकर पूर्ववत् झाली असती. त्यांनीं तसें केलें नाहीं. लोकांचें लिखाण राखणें हें वेळेपेक्षां अधिक मोलाचें, असें ठरवून त्यांनीं सावकाश जुळवणी केली, आणि ती सेवा २४ तास ११ मिनिटें लंगडी राहिली. हिंदुस्थानांत तो सोमवार होता. येथील सारा कामाचा दिवस त्यांत गेला. गिट भांडारांतील मूळ लिखाणाला ह्यांत धक्का लागला नाहीं. घोटाळा झाला तो त्याभोंवतीच्या चर्चा, सूचना आणि परवानग्या ह्यांच्या नोंदींत. परंतु तेवढ्यानेंहि हजारों कार्यालयांचें काम अडलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

दुसरा दाखला ह्याहूनहि बोधप्रद आहे. के. डी. ई. नांवाचा स्वेच्छेनें सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचा एक जागतिक समुदाय आहे. त्याचीं सुमारें १,५०० भांडारें एका मुख्य सर्व्हरवर होतीं, आणि त्यांच्या प्रती निरनिराळ्या ठिकाणच्या सर्व्हरांवर थोड्या थोड्या वेळानें आपोआप अद्ययावत् होत असत. एवढ्या प्रती असल्यावर भीति कसली, असें कोणासहि वाटावें. मार्च २०१३ मध्यें दुरुस्तीसाठीं मुख्य सर्व्हर बंद करून पुन्हां सुरू केला, तों त्याच्या तबकडीवरील मजकूर बिघडलेला निघाला. प्रतींनीं आपलें काम इमानानें केलें : मुळांत जें दिसलें तें त्यांनीं उतरून घेतलें. मूळ बिघडलें, म्हणून प्रतीहि बिघडल्या; मुळांतून जें नाहींसें झालें तें प्रतींतूनहि पुसलें गेलें. सुदैवानें नव्यानें उभारलेल्या एका सर्व्हरवर आधींची चांगली प्रत शाबूत राहिली होती, तिच्या आधारें सर्व भांडारें परत मिळालीं. अनेक वर्षांचें शेंकडों माणसांचें लिखाण वांचलें तें योजनेमुळें नव्हे, योगायोगामुळें.

ह्यांतून जो बोध घ्यावयाचा तो सॉफ्टवेअरच्या बाहेरहि उपयोगी आहे. तत्काळ उतरणारी प्रत आणि बाजूला ठेवलेली प्रत ह्या दोन भिन्न वस्तु आहेत. पहिली दूरच्या माणसाचा वेळ वांचवते आणि आग, पूर, यंत्राचा मृत्यु ह्यांपासून रक्षण करते. परंतु मुळांतील चूक ती तितक्याच वेगानें उतरून घेते. दुसरी मुद्दाम मागें राहते, कालचें आणि परवांचें रूप जपते, आणि मुळाची आज्ञा मानीत नाहीं. घरांत आरसा असला म्हणून तिजोरीची गरज संपत नाहीं. ज्या कार्यालयांत केवळ प्रती आहेत आणि बाजूला काढून ठेवलेलें कांहीं नाहीं, तेथील मंडळी एका चुकीच्या आज्ञेच्या अंतरावर उभी आहेत.

म्हणून अनेक ठिकाणीं काम करणाऱ्या कोणत्याहि संस्थेनें आपल्या व्यवस्थेला चार प्रश्न विचारावे. प्रमाण प्रत कोणती, आणि ती नाहींशी झाल्यास तो मान कोणाकडे जावयाचा, हें लिहून ठेवलें आहे काय? दूरची प्रत मुळाच्या किती मागें असते हें कोणी मोजतें काय? कारण पांच सेकंदांची पिछाडी सोसते, पांच तासांची सोसत नाहीं. आणि न मोजलेली पिछाडी केव्हां पांच तासांवर गेली तें समजतहि नाहीं. प्रतीची शुद्धता ताडून पाहिली जाते काय? गिटच्या खुणा त्यासाठींच आहेत. परंतु सांगितल्याखेरीज त्या आपण होऊन सारें भांडार तपासावयास बसत नाहींत. आणि चौथा प्रश्न असा कीं, बाजूला ठेवलेल्या प्रतीवरून सारें भांडार पुन्हां उभें करण्याचा सराव कधीं झाला आहे काय? ज्या विहिरीचें पाणी कधीं उपसून पाहिलें नाहीं तिच्या भरंवशावर उन्हाळा काढतां येत नाहीं.

ह्या चौघांत पांचवा एक प्रश्न यंत्रांचा नसून माणसांचा आहे, आणि तो पुण्यासारख्या गांवच्या लोकांना विशेष लागू आहे. रात्री मुख्य कार्यालय निजलेलें असतां, इकडे दिवसाढवळ्या कांहीं बिघडलें, तर निर्णय कोणीं घ्यावयाचा? भांडाराची प्रत हिंजवडींत आणून बसवणें हें द्रव्याचें काम आहे. तें आतां पुष्कळ ठिकाणीं झालेंहि आहे. परंतु प्रतीबरोबर विश्वासहि पाठवावा लागतो. मूळ सर्व्हर निकामी झाला आहे असें ठरवण्याचा, जवळच्या प्रतीला प्रमाण मानण्याचा, आणि प्रसंगीं सर्व लेखन थांबवून ठेवण्याचा अधिकार ज्या माणसाला नाहीं, त्याच्या शेजारीं ठेवलेली प्रत त्याच्या उपयोगाची नाहीं. उलट, हा अधिकार दोन्हीकडे एकाच वेळीं मोकळा सोडला, तर दोन वह्या निर्माण होऊन २०१८ सालच्या त्या ४३ सेकंदांची पुनरावृत्ति होते. तेव्हां अधिकार कोणाकडे, कोणत्या वेळीं आणि कोणत्या खुणेवरून जावयाचा, ह्याचा करार दोन्ही ठिकाणच्या माणसांनीं शांत वेळीं, समोरासमोर बसून केला पाहिजे, आणि वर्षांतून एकदां तरी तो प्रत्यक्ष चालवून पाहिला पाहिजे.

यंत्रें दिवसेंदिवस वेगवान होत जातील. समुद्राखालच्या ताराहि वाढतील. पण प्रकाशाची गति वाढणार नाहीं आणि पृथ्वीचा घेर कमी होणार नाहीं. म्हणून दूरदूरच्या माणसांनीं मिळून एक ग्रंथ लिहावयाचा, तर प्रती राहणारच, त्यांत अंतरहि राहणारच. तें अंतर आहे हें मान्य करून, तें रोज मोजून आणि तें वाढल्यास काय करावयाचें हें आधींच ठरवून जी मंडळी काम करतील, त्यांचें लिखाण एखादा सर्व्हर गेला तरी जाणार नाहीं. आणि पुण्यांतील लेखकाला आपल्याच ग्रंथांत लिहिण्यासाठीं परक्या देशांतील सकाळ उजाडण्याची वाट पाहत बसावें लागणार नाहीं.